गिलाव्याआडचे नळ, तारा आणि सळया

भिंतीत दडलेले नळ, तारा, सळया किंवा लाकडी खांब शोधण्याच्या हातातल्या उपकरणाला वॉल स्कॅनर म्हणतात. नावामुळे आणि जाहिरातींतल्या चित्रांमुळे असा समज होतो की या उपकरणाला भिंतीच्या आतले दिसते. प्रत्यक्षात ते भिंतीच्या पृष्ठभागावरून एखादी भौतिक राशी मोजते आणि ती शेजारच्या जागेपेक्षा कुठे वेगळी आहे एवढेच सांगते. तो फरक नळामुळे पडला, सळईमुळे पडला की ओलीमुळे, हे नंतर ठरवावे लागते. काही वेळा उपकरणातला संगणक ते ठरवतो, पण बहुतेक वेळा माणसालाच ठरवावे लागते. कोणती राशी मोजली जाते यावर त्या उपकरणाला काय सापडेल आणि काय कधीच सापडणार नाही हे अवलंबून असते. म्हणून स्कॅनर विकत घेण्याआधी त्याच्या किमतीपेक्षा त्याचे तत्त्व आणि आपली भिंत कशाची आहे, या दोन गोष्टी माहीत असणे जास्त महत्त्वाचे आहे.

जुन्या घरांत हा प्रश्न फारसा नव्हता. लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवलेल्या तारा, नंतर आलेले केसिंग-कॅपिंग, भिंतीबाहेरून गेलेले लोखंडी नळ हे सगळे डोळ्यांसमोर असे. पुढे विटांच्या भिंतीत झिऱ्या मारून पीव्हीसीच्या पाइपांतून तारा नेण्याची आणि सीपीव्हीसीचे नळ गिलाव्याखाली गाडण्याची पद्धत रूढ झाली. घरे देखणी झाली, पण टीव्हीचा स्टँड, गीझर, वॉटर प्युरिफायर किंवा टॉवेलची दांडी लावायला आलेल्या माणसाला भिंतीत काय आहे हे कळण्याचा मार्ग उरला नाही. ड्रिलचा बिट नळाला लागला तर टाइल फोडून जोड द्यावा लागतो आणि तोवर खालच्या फ्लॅटचे छत ओले झालेले असते. तारेला लागला तर माणसाच्या जिवावर बेतू शकते.

स्कॅनरचा उगम मात्र वेगळ्या भिंतीतून झाला. अमेरिका आणि कॅनडामधली बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची असतात. उभे खांब, म्हणजे स्टड, सहसा १६ इंचांच्या अंतराने उभे केलेले असतात आणि त्यांवर साधारण अर्धा इंच जाडीचे जिप्समचे तक्ते खिळ्यांनी किंवा स्क्रूंनी ठोकलेले असतात. जिप्समच्या तक्त्याला जड कपाट पेलवत नाही, त्यामुळे खिळा स्टडमध्येच जायला हवा. तिथला मूळ प्रश्न हा होता. त्याला पहिले उत्तर बोटाने टकटक करण्याचे आणि दुसरे लोहचुंबकाचे होते. चुंबक खरे तर लाकूड शोधत नाही, तक्ता ठोकताना लाकडात गेलेले खिळे शोधतो. खिळ्यांची उभी रांग सापडली की तिच्यामागे खांब आहे असे मानता येते.

१९७८ साली रॉबर्ट फ्रँकलिन आणि फ्रँक फुलर यांना अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक स्टड शोधकाचे पेटंट मिळाले. त्यानंतर काही काळातच कॅलिफोर्नियातील झिरकॉन कंपनीने तो बाजारात आणला. त्याचे तत्त्व विद्युतधारितेचे आहे. उपकरणाच्या तळाशी धातूच्या पट्ट्या असतात. त्यांच्यासमोर विद्युतक्षेत्रात कोणता पदार्थ आहे यावर त्यांची धारिता ठरते. हवेचा परावैद्युतांक १, कोरड्या लाकडाचा साधारण २ ते ४ आणि पाण्याचा ८० च्या आसपास असतो. तक्त्यामागे पोकळी संपून लाकूड सुरू झाले की धारिता किंचित वाढते आणि दिवा लागतो. साध्या उपकरणाला आधी भिंतीच्या रिकाम्या जागी ठेवून शून्य ठरवावे लागते. चुकून ते खांबावरच ठेवून चालू केले तर खांब हाच त्याचा शून्य होतो आणि पुढचे सगळे संकेत उलटे येतात. अनेक पट्ट्या एकाच वेळी वाचणाऱ्या अलीकडच्या उपकरणांत ही अडचण बरीच कमी झाली आहे.

धारितेवर चालणाऱ्या या उपकरणाची पोहोच जेमतेम ४ सेंटिमीटरपर्यंत असते. शिवाय समोरची भिंत पातळ, एकसंध आणि कोरडी असेल, तिच्यामागे पोकळी असेल, हे त्यात गृहीत धरलेले असते. विटांच्या भिंतीला यातले काहीच लागू पडत नाही. वीट, सांध्यातला मसाला आणि कमी-जास्त जाडीचा गिलावा यांच्यामुळे धारिता सगळीकडेच थोडी थोडी बदलत राहते. इंटरनेटवरून स्वस्त ‘स्टड फाइंडर’ मागवून त्याने आपल्या विटांच्या भिंतीत वायरिंग शोधू पाहणाऱ्याची निराशा ठरलेली असते. त्यात दोष त्या उपकरणाचा नाही. ते या भिंतीसाठी बनवलेलेच नाही. आपल्याकडे त्याचा उपयोग होतो तो कार्यालयांतल्या आणि दुकानांतल्या जिप्सम पार्टिशनपुरता. तिथेही पातळ पत्र्याचे उभे चॅनेल साधारण दोन-दोन फुटांवर असतात आणि त्यांतले स्क्रू शोधायला साधा चुंबकही पुरतो.

दुसरे तत्त्व विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे. वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडला की जवळच्या धातूत भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचे क्षेत्र वेटोळ्याला जाणवते. हे तत्त्व जुने आहे. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असेच उपकरण घेऊन प्रयत्न केले. शोध फसला. रुग्णाच्या गादीखाली पोलादी तारांची दुसरी गादी होती, आणि उपकरण फिरवले गेले ते शरीराच्या उजव्या बाजूला. गोळी मात्र डावीकडे होती. भिंत तपासणाऱ्याने हा प्रसंग ध्यानात ठेवावा असा आहे, कारण आजही स्कॅनर फसतो तो बहुधा याच दोन कारणांनी: जवळपासच्या दुसऱ्या धातूमुळे, किंवा आधीच मनाशी धरलेल्या जागीच शोधल्यामुळे.

प्रवर्तनावर चालणाऱ्या उपकरणाला लोखंड सर्वात सहज सापडते, तांबे त्याहून कमी, आणि पीव्हीसी किंवा सीपीव्हीसी अजिबात सापडत नाही. लहान वस्तूचा संकेत अंतराच्या जवळजवळ सहाव्या घाताने घटतो. खोली दुप्पट झाली की संकेत सुमारे चौसष्ट पटींनी दुबळा होतो. म्हणूनच अशा उपकरणांच्या खोक्यावरचे आकडे पदार्थागणिक वेगळे असतात. बॉशच्या जीएमएस १२० या प्रचलित उपकरणाची कमाल खोली लोखंडासाठी १२० मिमी, तांब्यासाठी ८० मिमी, चालू विद्युततारेसाठी ५० मिमी आणि लाकडासाठी ३८ मिमी दिलेली आहे. विकताना मोठ्या अक्षरात सांगितला जातो तो पहिला आकडा. सोबत हेही पाहावे की तो जाड सळईसाठीचा, अनुकूल परिस्थितीतला आकडा असतो. घरातल्या दिव्याची दीड चौरस मिलिमीटरची तार त्या खोलीवर सापडेल अशी अपेक्षा धरू नये.

चालू तार शोधण्याचे तत्त्व तिसरे. घरातल्या २३० व्होल्टच्या तारेभोवती सेकंदाला ५० वेळा बदलणारे विद्युतक्षेत्र असते आणि उपकरणातली पट्टी ते टिपते. तारेतून प्रवाह वाहत असलाच पाहिजे असे नाही, दाब असला की पुरते. पण त्यामुळेच काही तारा त्याच्या नजरेतून सुटतात. न्यूट्रलवर दाब जवळजवळ नसतो. बटण बंद असेल तर बटणापासून दिव्यापर्यंतची तार मृत असते. जमिनीला जोडलेल्या लोखंडी पाइपातली तार झाकली जाते. केबल टीव्ही, इंटरनेट आणि दाराच्या घंटीच्या कमी दाबाच्या तारा त्याच्या लेखी नसतातच. उलट ओल्या भिंतीत हे क्षेत्र सगळीकडे पसरते आणि एका तारेऐवजी हातभर पट्टा ‘चालू’ दिसतो. तपासणीपूर्वी त्या भिंतीशी संबंधित सगळी बटणे चालू करून ठेवावीत, म्हणजे जास्तीत जास्त तारांवर दाब येतो. शोध संपल्यावर, भोक पाडताना मात्र त्या भागाचा एमसीबी खाली करावा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा, कारण मेन स्विच पाडल्यावरही इन्व्हर्टरच्या लाइनवर दाब राहतो. ही गोष्ट सर्रास विसरली जाते आणि विसरणाऱ्याच्या हातात त्या वेळी ड्रिल असते.

वरच्या तिन्ही तत्त्वांना पाण्याने भरलेला प्लास्टिकचा नळ नीट सापडत नाही. आपल्या स्नानगृहांत आणि स्वयंपाकघरांत आज गाडलेले असतात ते हेच नळ. त्यांच्यासाठी रडार लागते. रेडिओ लहरींनी जमिनीखालचे शोधण्याची कल्पना फार आधीची आहे. जर्मनीत लाइमबाख आणि ल्योवी यांनी १९१० साली तिचे पेटंट घेतले होते. भिंतीच्या मोजमापाचे, हातात मावणारे रडार सर्वसामान्य कारागिरापर्यंत पोहोचायला मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले. २००२ साली अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने अतिरुंद पट्ट्याच्या रेडिओ लहरींना परवानगी दिली, त्यात भूगर्भ आणि भिंत तपासणीच्या उपकरणांचा स्पष्ट समावेश होता.

रडारचा हिशोब सोपा आहे. रेडिओ लहर हवेत एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते. काँक्रीटमध्ये तिचा वेग परावैद्युतांकाच्या वर्गमुळाने कमी होतो. हा अंक ९ धरला तर ती नॅनोसेकंदाला १० सेंटिमीटर जाते. ५ सेंटिमीटर खोल असलेल्या सळईवर आपटून परत यायला तिला एक नॅनोसेकंद लागतो. दोन पदार्थांच्या परावैद्युतांकात जितका फरक, तितका प्रतिध्वनी मोठा. धातूवरून लहर जवळजवळ पूर्ण परतते, आणि पाण्याने भरलेला प्लास्टिक नळही ठळक उमटतो. तोच नळ रिकामा असेल तर प्लास्टिक आणि भोवतालचा मसाला यांतला फरक बेताचाच असल्याने संकेत क्षीण होतो. म्हणून रडारने नळ शोधण्याआधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद आहे का ते पाहावे. लाइन रिकामी असेल तर आधी ती भरावी.

उपकरण भिंतीवरून सरकते तसे नळापासूनचे त्याचे अंतर आधी कमी, मग जास्त होते. त्यामुळे आडव्या छेदातला नळ पडद्यावर कमानीसारखा उमटतो आणि कमानीचा माथा ही नळाची जागा असते. घरगुती उपकरणे ही कमान स्वतःच सोडवून फक्त एक खूण दाखवतात. अभियंत्यांच्या उपकरणात मूळ चित्रही पाहता येते. यातून एक व्यावहारिक नियम निघतो: नळ उभा असेल तर उपकरण आडवे सरकवावे आणि नळ आडवा असेल तर उभे. नळाच्याच दिशेने सरकवले तर कमान बनत नाही, अंतर बदलतच नाही, आणि नळ भिंतीच्या थरासारखा एकसुरी दिसून निसटतो. दिशा माहीत नसते म्हणून दोन्ही दिशांनी फिरवावे लागते, आणि एकाच फेऱ्यावर विसंबण्याची चूक इथेच होते. बॉशच्या डी-टेक्ट मालिकेतले १२०, १५० आणि २०० हे आकडे मिलिमीटरमधली कमाल खोली सांगतात. हिल्टीचे पीएस १००० काँक्रीटमध्ये ३०० मिमीपर्यंत जाते. पण ते बांधकाम कंपन्यांचे साधन आहे, घरात एकदा लागणारे नव्हे. गरज पडली तर ते चालवणाऱ्या माणसासह काही तासांसाठी बोलवावे.

रडारचा शत्रू ओल आहे. पाणी रेडिओ लहरी शोषते. त्यामुळे नुकताच गिलावा केलेल्या, गळती असलेल्या किंवा पावसाळ्यात फुगलेल्या भिंतीत पोहोच निम्म्याहूनही खाली येऊ शकते. नळ फुटल्यावर नळ शोधायला रडार आणले तर ते नेमके तिथेच आंधळे होते.

अशा वेळी उष्णताचित्रक उपयोगी पडतो. तो भिंतीच्या आत पाहत नाही, फक्त पृष्ठभागाचे तापमान दाखवतो. गीझरचा नळ काही मिनिटे सोडून ठेवला की टाइलवर उबदार पट्टा उमटतो आणि नळाचा मार्ग कळतो. उशीर केला तर उष्णता पसरून पट्टा धूसर होतो. गळतीची जागा बाष्पीभवनामुळे भोवतालपेक्षा थंड दिसते. थंड पाण्याच्या लाइनला मात्र ही युक्ती क्वचितच लागू पडते.

तारेचा मार्ग शेवटपर्यंत हवा असेल तर सर्वात खात्रीचे साधन स्कॅनर नसून तार-शोधक असते. वीज बंद करून तारेच्या एका टोकाला संकेत सोडायचा आणि दुसऱ्या यंत्राने भिंतीवर तो ऐकत जायचे. इथे शोधणारा आपल्याला हव्या त्याच तारेचा आवाज ऐकत असतो, म्हणून गोंधळ फार कमी होतो. अडचण एवढीच की तारेचे एक टोक हाती असावे लागते.

आता आपल्या भिंतींकडे वळावे, कारण उपकरणांच्या माहितीपत्रकांत त्या जवळपास नसतातच. महाराष्ट्रातल्या नेहमीच्या इमारतीत आरसीसीचा सांगाडा आणि त्यात साडेचार किंवा नऊ इंची विटांची भिंत असते. अलीकडे एएसी ब्लॉक असतात. काँक्रीट आणि वीट जिथे भेटतात तिथे गिलाव्याला तडा जाऊ नये म्हणून आत कोंबडी जाळी बसवतात. तारांच्या झिऱ्या बुजवतानाही त्यावर अशी जाळीची पट्टी लावतात. धातुशोधकाला ही जाळी म्हणजे अखंड लोखंडी पडदा. पण तिचा वापर करून घेता येतो: विटांच्या भिंतीच्या मध्यावर, खांबापासून दूर, एखादी सरळ उभी लोखंडी पट्टी दाखवली जात असेल तर ती बहुधा झिरीवरची जाळी असते आणि तार किंवा नळ तिच्याखाली असण्याची शक्यता मोठी. जाळीने मजकूर लपवला तरी मजकुराची जागा तीच दाखवते.

पडद्याच्या दांड्यांसाठी खिडकीवर भोक पाडताना बिट अडतो. त्याचे कारण बहुतेक वेळा नळ किंवा तार नसते, लिंटेलमधली सळई असते. खिडक्या-दारांवर आडवे जाणारे हे काँक्रीटचे पट्टे साधारण ७ फूट उंचीवर असतात, आणि तिथे धातूचा संकेत येणे अपेक्षितच आहे. ड्रिल तिथे रेटण्याऐवजी भोक इंचभर बाजूला घेतले की काम होते.

मुंबई-पुण्याच्या नव्या उंच इमारतींत मायवान पद्धत आली आहे. ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंतीच काँक्रीटच्या ओततात, आणि तारांचे पाइप ओतण्याआधी सळयांच्या जाळीला बांधून ठेवतात. इथे विटांच्या घरातला अनुभव पूर्णपणे निरुपयोगी ठरतो. प्रत्येक भिंतीत सळया आहेत, प्रत्येक भिंत इमारतीचा भार वाहते, त्यामुळे झिरी मारणे मुळातच चुकीचे आहे. सळयांच्या जाळीमागचा पीव्हीसी पाइप रडारलाही कठीण जातो, कारण पुढचा धातूचा थर मागचे झाकतो. स्लॅबमध्येही हीच गोष्ट. फॅन बॉक्सपासून बोर्डापर्यंत पाइप बरेचदा सर्वात जवळच्या, म्हणजे तिरप्या, मार्गाने टाकलेला असतो. भिंतीत ओळंब्याने उभे-आडवे धरण्याचा नियम छताला लागू होत नाही. छताला झुंबर किंवा पाळणा टांगताना हे ध्यानात असावे. ताणलेल्या केबलींचा स्लॅब असेल तर अभियंत्याने केबलींच्या जागा दाखवल्याशिवाय त्यात भोक पाडूच नये.

दगडी बांधकामाचे वेगळे प्रश्न आहेत. दख्खनच्या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, मॅग्नेटाइटचे कण असतात आणि आपल्याकडची खडी बहुतांशी याच दगडाची असते. चुंबकीय गुणाच्या खडीमुळे काँक्रीटमधल्या सळईचे वाचन चुकू शकते. कोकण-गोव्याच्या जांभ्यातही लोहाची संयुगे भरपूर असतात. अशा भिंतीवर उपकरणाची संवेदना कमी ठेवून, ज्या जागी काही नाही हे नक्की ठाऊक आहे अशा ठिकाणी त्याला आधी पारखावे. जुन्या वाड्यांत भिंतीत गाडलेले लाकडी खांब ठरावीक अंतरांच्या खणांत असतात. एक खांब सापडला की खण मोजून पुढचा सापडतो, आणि तिथे उपकरणापेक्षा मोजपट्टी जास्त विश्वासू ठरते.

याच तंत्राची गंभीर शाखा इमारतींच्या तपासणीत वापरली जाते. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी अपेक्षित आहे. त्यात सळईवरच्या काँक्रीटच्या आवरणाची जाडी मोजणारे उपकरण प्रवर्तनाच्या तत्त्वावरच चालते. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे सौम्य परिस्थितीत हे आवरण २० मिमी, तर समुद्राजवळच्या तीव्र परिस्थितीत ४५ मिमी आणि त्याहूनही अधिक असावे लागते. आवरण कमी असेल तर खारी हवा आणि ओल सळईपर्यंत लवकर पोहोचते, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. या वाचनातही एक जुनी अडचण आहे: जाड सळई खोल असो की बारीक सळई उथळ, संकेत सारखाच येऊ शकतो. म्हणून एखाद्या जागी काँक्रीट खरवडून सळई प्रत्यक्ष मोजतात आणि बाकीचे आकडे तिच्याशी ताडून घेतात. क्ष-किरणाने खरोखर आरपार चित्र मिळते, पण त्यासाठी भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आणि प्रशिक्षित माणसे लागतात, आणि भिंतीच्या दोन्ही बाजू रिकाम्या कराव्या लागतात.

घरगुती कामात स्कॅनर वापरण्याचा क्रम त्याच्या मर्यादांतूनच निघतो. आधी भिंत वाचावी. स्विचबोर्ड, प्लग, नळाचे तोंड, डायव्हर्टर, गीझरचा पॉइंट या दिसणाऱ्या टोकांपासून ओळंब्याच्या रेषेत वर-खाली आणि पातळीत डावी-उजवीकडे लाइन असण्याचा संभव सर्वात जास्त. ब्रिटनच्या वायरिंग नियमांत तर उथळ गाडलेल्या तारांसाठी असेच उभे-आडवे पट्टे ठरवून दिले आहेत, शिवाय छतालगतचा आणि कोपऱ्यालगतचा १५० मिमीचा पट्टा. आपल्याकडे ही शिस्त कारागिरावर अवलंबून राहते, आणि तिरप्या झिऱ्या मारणारे कारागीर आहेतच. म्हणून अंदाजाच्या रेषेवर स्कॅनर फिरवावा, पेन्सिलीने खुणा कराव्यात, दुसऱ्या दिशेने पुन्हा फिरवावा आणि भिंतीच्या पलीकडच्या खोलीतूनही एकदा पाहावे. संकेत आला तर तिथे भोक नको, हे सरळ आहे. संकेत नाही म्हणून भिंत रिकामी आहे असे मात्र मानू नये. अशा ठिकाणी बिटवर चिकटपट्टीने खोलीची खूण करून सावकाश भोक पाडावे, भुकटीचा रंग बदलला, बिट अचानक मोकळा झाला किंवा प्लास्टिकचा कीस आला की थांबावे. गिट्टी बसण्यापुरती खोली झाली की पुढे जाण्याचे कारण नसते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी चालू स्थितीत आहे का, हे त्याचे चाचणी बटण दाबून आधीच पाहून घ्यावे.

नव्या घरात किंवा दुरुस्तीच्या वेळी या सगळ्या खटाटोपाची गरज जवळपास संपवता येते. झिऱ्या मारून पाइप बसले आणि गिलावा अजून व्हायचा आहे, या एक-दोन दिवसांत प्रत्येक भिंतीचे समोरून छायाचित्र काढावे. जमिनीपासून आणि जवळच्या कोपऱ्यापासून मोजपट्टी ताणून ती चित्रात दिसेल अशी ठेवावी. स्लॅब ओतण्याआधी सळयांवर बांधलेल्या पाइपांचेही असेच चित्र घ्यावे. खोलीचे नाव आणि भिंतीची दिशा लिहून ही छायाचित्रे घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावीत आणि घर विकताना नव्या मालकाकडे द्यावीत.